पेन्शन घेतली, लेखणी नाही ठेवली

1886 साली गोपाळ बाबा वलंगकर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. मूळ गाव महाडजवळचे रावढळ. दापोलीला पेशवाई बुडाल्यापासून इंग्रजांची छावणी होती. ‘काप दापोली’ हे नाव त्या कॅम्पवरूनच पडलेले. पुढे पलटणी हलल्या, पण पेन्शनर शिपाई तिथेच घरे करून राहिले. त्यांत महार आणि चांभार कुटुंबे बरीच होती. दरमहा थोडे, पण हक्काचे पैसे हातात पडत. पोटासाठी गावकीच्या कामावर अवलंबून राहायला नको होते. शिवाय या माणसांना लिहिता-वाचता येत होते. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीच्या शाळांत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवले जाई. गावच्या शाळेच्या ओसरीवरही ज्यांना कोणी चढू दिले नसते, ते या शाळांतून हिशेब, वाचन आणि पत्रलेखन शिकून बाहेर पडले होते.

वलंगकरांनी ही शिदोरी कुलूपबंद ठेवली नाही. ते जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिले, ‘विटाळ विध्वंसक’ लिहून धर्माच्या नावाने विटाळ मानणाऱ्यांना थेट प्रश्न विचारले आणि 1890च्या सुमारास दापोलीत ‘अनार्य दोष परिहार मंडळी’ उभी केली. एवढ्यात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या एका वाटेने शाळा, पगार आणि मान मिळत होता तीच वाट बुजली. 1894 साली वलंगकरांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. आपली माणसे पूर्वीची क्षत्रिय आहेत आणि कंपनीच्या फौजेत त्यांनी इमानाने लढाया केल्या आहेत, अशी त्याची मांडणी होती. अर्ज कोणाच्या नावे करायचा, आधी सेवेचा दाखला द्यायचा की आधी मागणी, कुठे विनंती करायची आणि कुठे हक्क सांगायचा, हे पलटणीत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते. पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. वरच्या जातींच्या सभासदांना ते रुचले नाही, पण नेमणूक झाली ती झाली.

महाराष्ट्रात निवृत्तांच्या समाजकार्याची गोष्ट सांगताना सुरुवात हटकून पुण्याच्या रावबहादुरांपासून होते. ती दापोलीच्या हवालदारापासूनही करायला हवी. दोघांनाही घडवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे पेन्शन.

पेशवाईत इनाम होते, वतन होते, वर्षासने होती. ती बापाकडून मुलाकडे जात आणि त्यांना वयाची अट नसे. अमुक वर्षे नोकरी करायची, मग धडधाकट असतानाच खुर्ची सोडायची आणि घरबसल्या ठरावीक रक्कम घ्यायची, हा प्रकार इंग्रजी अमदानीत रुजला. पंचावन्नाव्या वर्षी मुन्सफ, मामलेदार, शिरस्तेदार, डेप्युटी कलेक्टर, हेडमास्तर घरी येऊ लागले. कोणी काशीयात्रा केली, कोणी वाड्याचे वाटे पाडण्यात उरलेली वर्षे घालवली. पण काहींच्या ध्यानात आले की आपल्यापाशी पैशाहून मोलाचे एक भांडवल आहे. सरकारचा कागद कसा चालतो, हे आपल्याला आतून ठाऊक आहे.

नोकरीत असताना हे भांडवल वापरणे जोखमीचे होते. न्यायमूर्ती रानडे यांचेच पाहा. 1871च्या अखेरीस ते सबजज्ज म्हणून पुण्यात आले. सार्वजनिक सभा त्याआधी दीडेक वर्ष, 2 एप्रिल 1870 रोजी, स्थापन झाली होती. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून सुरू झालेल्या या सभेत प्रत्येक सभासदाला निदान पन्नास जणांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवता आले पाहिजे, असा हा वकिली बाणा होता, आणि सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, वकीलच होते. 1876-77च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. तिच्यामागे रानड्यांची दृष्टी आहे हे सगळे जाणत होते. सरकारही जाणत होते. 1878 साली त्यांची बदली नाशिकला झाली, पुढे धुळ्याला. बदलीचे हत्यार पेन्शनरावर चालत नव्हते. म्हणून त्या काळच्या सभा-संस्थांच्या अध्यक्षपदी आणि कार्यकारिणीत निवृत्त अंमलदार पुन्हा पुन्हा दिसतात.

सभेच्या कामांपैकी लवाद कोर्ट आज जवळजवळ विसरले गेले आहे. 1876च्या सुमारास पुण्यात ते सुरू झाले. स्टँप, वकील आणि तारखा यांत रयत नागवली जात होती. तिने सरकारी कोर्टाची पायरी न चढता आपल्या माणसांपुढे तंटा मिटवावा, ही त्यामागची कल्पना. पंचायत जुनीच, पण तिला दप्तर, नोंद आणि लेखी निवाडा यांची जोड मिळाली. ज्यांनी जन्मभर इंग्रजी कोर्टाचे कामकाज पाहिले होते त्यांनीच त्या कामकाजातले घेण्याजोगे ते घेतले आणि खर्चिक ते वगळले. बाहेरच्या सुधारकाला ही निवड साधली नसती.

गोपाळ हरी देशमुख 1879 मध्ये न्यायखात्यातून निवृत्त झाले. ‘शतपत्रे’ लिहिली तेव्हा ते पंचविशीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी ‘लोकहितवादी’ याच नावाने मासिक चालवले आणि मुंबई कायदेमंडळातही काम केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1893 साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले आणि लगेच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ. विधवा मुलीचा पुनर्विवाह करून त्यांनी सुधारणेची किंमत स्वतःच्या घरात मोजली होती. 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था निघाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला देऊन टाकला.

या मंडळींचे उणेपणही सांगितले पाहिजे. त्यांचे जग बहुतांशी पांढरपेशे होते. ‘रयत’ हा शब्द त्यांच्या अर्जांत वारंवार येई, पण रयत त्यांच्या बैठकीत क्वचितच बसलेली असे. सरकारदरबारी मान मिळवलेल्या माणसाला सरकारशी भांडताना आवाज जरा बेताचाच लावावासा वाटतो, तसेच त्यांचे झाले. टिळकांच्या पिढीला हा अर्जविनंत्यांचा मार्ग मिळमिळीत वाटू लागला. 1895 साली सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली आणि रानडे-गोखल्यांना डेक्कन सभा वेगळी काढावी लागली. तरीही दुष्काळाची गावनिहाय माहिती गोळा करण्याची, आकडे दाखवून सरकारला कोंडीत पकडण्याची शिस्त याच नेमस्तांनी घालून दिली. ती पुढे जहालांनाही उपयोगी पडली.

दापोलीपासून समुद्राकडे गेले की मुरुड लागते. धोंडो केशव कर्व्यांचे हे गाव. वलंगकर दापोलीत लिहीत होते त्याच सुमारास तरुण कर्वे ‘मुरुड फंड’ जमवत होते. गावातल्या नोकरदारांनी आपल्या मिळकतीतला लहानसा हिस्सा नियमाने गावाच्या कामासाठी काढावा, अशी त्याची रीत. 1893 साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि याच गावाने त्यांना वाळीत टाकले. वलंगकर आणि कर्वे कधी भेटले असतील का, असे नकाशा पाहताना वाटून जाते.

कर्व्यांनी 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवले. 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला आणि कर्वे पुणे-हिंगणे वाट पायी तुडवू लागले. 1914 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा वय छप्पन्न होते. हाती उभी केलेली संस्था होती, नाव होते. इथे थांबले असते तरी इतिहासात त्यांची नोंद झाली असती.

डिसेंबर 1915 मध्ये मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी वाचली. ती काशीच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवलेली होती आणि काही काळ तशीच पडून होती. भाषणात त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि 1916 च्या जूनमध्ये विद्यापीठाची पहिली बैठक झालीसुद्धा. भांडारकर कुलपती झाले, एकोणऐंशीव्या वर्षी. कुलगुरू झाले रँग्लर परांजपे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी मोजून पाचसहा.

विद्यापीठ म्हटले की सनद, इमारत, सरकारी अनुदान डोळ्यांपुढे येते. इथे यांतले काही नव्हते. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम, ही कर्व्यांची भूमिका अनेक सुधारकांनाही पटली नाही. वेगळा अभ्यासक्रम म्हणजे मुलींना स्वयंपाकघराशीच बांधून ठेवणे, ही टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य होते. कर्व्यांचे उत्तर गणितज्ञाचे होते. जी मुलगी आज मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत पोचूच शकत नाही, तिच्यासाठी काय करता येईल ते आधी करू. जिला तिकडे जाता येते तिने जरूर जावे. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला लागले. पण कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. तोवर तीसहून अधिक वर्षे हे विद्यापीठ वर्गणी, देणगी आणि चोख हिशेब यांवर चालले.

1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगाच्या सफरीवर निघाले. युरोप, अमेरिका, आणि अर्थातच जपान. ज्याच्या पुस्तिकेने हे सारे सुरू झाले ते टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मग आफ्रिका. जिथे हिंदी माणसांची वस्ती तिथे व्याख्यान आणि वर्गणी. परत आल्यावर तरी विसावा? 1936 साली त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची. त्यासाठी स्वतःच्या पेन्शनीतून पैसे घातले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुण्यात दारोदार फिरून आणे-पैसे गोळा केले. मुरुड फंडाची जुनीच रीत, फक्त गावे वाढली होती. 1944 मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले.

कर्व्यांच्या कहाणीत थोर त्यागाचे प्रसंग शोधणाऱ्याला ते सापडतील. पण हे काम टिकले ते मास्तरकीच्या बळावर. रोजचा तास रोज घ्यायचा आणि पटावर एक मुलगी असली तरी वर्ग भरवायचा, ही सवय तेवीस वर्षांत अंगी मुरलेली होती.

रखमाबाईंचे उत्तरायुष्य याच काळातले. त्यांची आठवण 1880च्या दशकातल्या दाव्यापाशी थांबते. लहानपणी लागलेले लग्न त्यांनी नाकारले आणि देश ढवळून निघाला. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटच्या इस्पितळांत त्यांनी जन्म काढला. निवृत्तीनंतर त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली. ज्या चालीमुळे आजारी बाई डॉक्टरापर्यंत पोचत नाही तिचे परिणाम त्यांनी खाटेपाशी उभे राहून पाहिले होते. तरुणपणी त्यांनी टोपणनावाने लिहिले होते; आता पदवी आणि तीसेक वर्षांची रुग्णसेवा पाठीशी होती.

दापोलीच्या पेन्शनरांची पेरणीही वाया गेली नाही. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीला राहिले. मार्च 1927 मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तयारीत लष्करातून निवृत्त झालेली मंडळी पुढे होती. अध्यक्षस्थानी रामजी सुभेदारांचे चिरंजीव, डॉ. आंबेडकर. या भागातल्या शिकल्यासवरल्या पेन्शनर पिढीची आणि भरतीबंदीने झालेल्या हानीची आठवण त्यांनी भाषणात काढली. त्याच परिषदेचे लोक दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याकडे चालत गेले.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपलेच झाले, तरी सरकारला ओळखणाऱ्या माणसाची गरज सरली नाही. सासवडला जन्मलेले वि. म. तारकुंडे 1957 ते 1969 मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. मुदतीआधी पद सोडून ते सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. जयप्रकाश नारायण यांनी निवडणूक सुधारणेसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. मतदानाचे वय अठरावर आणावे, ही शिफारस त्या समितीच्या 1975च्या अहवालात आहे. घटनादुरुस्ती व्हायला आणखी तेरा-चौदा वर्षे गेली. आणीबाणीत, 1976 साली, नागरी स्वातंत्र्यासाठी जी संघटना उभी राहिली तिच्या उभारणीत जयप्रकाशांबरोबर तारकुंडे होते.

चंद्रशेखर धर्माधिकारी यांचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दादा धर्माधिकाऱ्यांचे हे चिरंजीव, घरात गांधीविचार. मुंबई उच्च न्यायालयातून 1989 मध्ये निवृत्त झाले. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला होता: वारल्यांचे पाडे, चिकूच्या वाड्या, खाडीकाठची मासेमारी, आणि त्यांच्या शेजारीच कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर 1996 मध्ये तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. 1998 मध्ये वाढवण बंदराचा प्रस्ताव या प्राधिकरणाने अमान्य केला. वीजकेंद्राने धुरातले गंधकाचे वायू शोषून घेणारे संयंत्र बसवावे, असा आदेश दिला. काम लांबत चालल्यावर कंपनीकडून 300 कोटी रुपयांची बँक हमी मागितली. संयंत्र बसले.

बँक हमी मागणे ही मोर्चाची भाषा नव्हे. वारली बाईने खोकून खोकून सांगितले असते की धूर जाचतो, तर फायलीवर शेरा पडला असता. वायूचे प्रमाण काय, मुदत किती, मुदत चुकली तर पैसे कोणाचे जाणार, हे ठरवता येणारा माणूस तिच्या बाजूला बसला तेव्हा कंपनीचे पाऊल उचलले गेले. धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये वारले, तोवर बावीस वर्षे हे काम त्यांच्याकडे होते. न्यायाधीश म्हणून उच्च न्यायालयात काढलेल्या वर्षांपेक्षा हा काळ मोठा.

पाण्याच्या क्षेत्रात या परंपरेने निराळे वळण घेतले. विलासराव साळुंखे पुण्याचे कारखानदार-अभियंता. अचूक मापनाची उपकरणे बनवणे हा त्यांचा धंदा. 1972च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले. पेन्शनीचे वय लांब होते, पस्तिशीच चालू होती, पण धंद्यात जम बसला होता. नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर पडीक जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवले. मग ‘पाणी पंचायत’ आली. तिचे नियम एखाद्या कारखान्यातल्या मोजपट्टीसारखे काटेकोर: पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येवर मिळेल, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, भूमिहीनालाही वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही.

शेवटचा नियम पुन्हा वाचावा असा आहे. इथे पाणी सातबाऱ्यापासून सोडवले गेले. साखरपट्ट्याच्या राजकारणात वाढलेल्या महाराष्ट्राला हे पचणे अवघड होते आणि सरकारने ते तसे कधी पूर्णपणे स्वीकारलेही नाही.

पण पाण्याच्या क्षेत्रातल्या जुन्याजाणत्यांना त्यातला मुद्दा पटला होता. के. आर. दाते हे नामांकित सल्लागार अभियंता. धरणे आणि पाया यांचे तंत्र कोळून प्यायलेला हा माणूस सांगली जिल्ह्यात येरळेवरच्या बळीराजा धरणाला मदत करायला उभा राहिला. ते धरण शेतकऱ्यांनी चळवळीतून बांधले आणि त्याच्या पाण्याचे समान वाटप ठरवले. 1991 साली पुण्यात ‘सोपेकॉम’ ही संस्था निघाली, तिच्यात दात्यांबरोबर पाटबंधाऱ्यांत मुरलेले अभियंते होते. ज्यांनी नोकरीत कालव्यांचे आराखडे केले, तेच आता कालव्याच्या शेपटाला पाणी का पोचत नाही याचा शोध घेऊ लागले.

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला हा प्रश्न रोजचा होता. वाघाड धरणाचे पाणी वरच्या अंगाला मुरून जाई आणि शेपटाकडचे शेतकरी कोरड्या चारीकडे पाहत बसत. समाजवादी कार्यकर्ते बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकरी जमवले. 1990-91 मध्ये महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था झाल्या. संस्थेने खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे, मोजल्याप्रमाणे पैसे भरायचे आणि आत वाटप स्वतः करायचे, असा करार ठरला. मोजून म्हणजे चारीच्या तोंडाशी ठरावीक आकाराची अरुंद खाच बांधायची, तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचायची आणि कोष्टकातून प्रवाह काढायचा. अभियंत्याच्या दृष्टीने शिकाऊ वर्गातले काम. पण ती पट्टी पाटकऱ्याऐवजी शेतकऱ्याला वाचता आली, की किती पाणी आले यावर खात्याशी वाद घालता येतो. वाघाडवर संस्थांची संख्या पुढे 24 झाली आणि प्रकल्पाच्या पाण्याचा कारभार त्यांच्या मध्यवर्ती संस्थेकडे आला. 2005 साली राज्याने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्याच्यामागे ओझरचा हा अनुभव होता.

त्याच 2005 सालची आणखी एक सरकारी तारीख या इतिहासात नोंदवावी लागते. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन योजना बंद झाली. मार्च 2023 मध्ये तिच्या मागणीसाठी राज्यभर संप झाला. त्या तारखेनंतर रुजू झालेले तरुण अभियंते, शिक्षक आणि कारकून आज नोकरीच्या मध्यावर आहेत. वलंगकरांपासून पाटबंधाऱ्यांतल्या अभियंत्यांपर्यंत अनेकांना ज्या ठरावीक रकमेने बदलीची आणि पोटाची चिंता न करता सरकारसमोर बसता आले, त्या रकमेचा हिशेब आता बाजाराच्या चढउताराशी आणि नव्या योजनांच्या अटींशी जोडला गेला आहे. ही पिढी निवृत्त होऊ लागेल तेव्हा पाणीवापर संस्थेचे दप्तर तपासून द्यायला आणि गावच्या वतीने हरकत लिहून द्यायला त्यांच्यातले किती जण मोकळे असतील, ते त्या हिशेबावर बरेचसे ठरेल.